छोट्या स्पोर्टी गाडीसाठी परफॉर्मन्स टायरची तुलना कशी करावी

नवे टायर बसवून गाडी दुकानातून बाहेर पडली की पहिल्याच वळणावर ती जमिनीला धरून चालल्यासारखी वाटते, आणि त्याच संध्याकाळी मालक चार मित्रांना सांगतो की हा टायर आधीच्या टायरपेक्षा कितीतरी सरस आहे. अशा मतावर विसंबून कोणीही पैसे खर्च करू नयेत. त्या मालकाने तुलना केलेली असते ती आठ मिलिमीटर खोल खाचांच्या ताज्या रबराची, दोन मिलिमीटरवर आलेल्या आणि उन्हाने कडक झालेल्या रबराशी. या परीक्षेत कोणताही नवा टायर जिंकतो. खरी तुलना करता येते, तिला प्रयोगशाळा लागत नाही. मात्र तिला शिस्त लागते.

माझ्याकडे अबार्थ पुंटो आहे. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी २०१५ मध्ये बाजारात आली. १.४ लिटरचे टी-जेट टर्बो इंजिन, १४५ पीएस, आणि ती सगळी ताकद पुढच्या दोन चाकांना. टायरचे माप १९५/५५ आर १६, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंचांचे. हेच माप ह्युंदाई आय२० एन लाइनलाही आहे, त्यामुळे खालचे बरेचसे विवेचन त्या गाडीच्या मालकांनाही जसेच्या तसे लागू पडेल. पुढे ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर वळवणे, ओढणे आणि ब्रेकचा मोठा वाटा पेलणे अशी तिन्ही कामे करतात, हे सर्व पायऱ्यांत लक्षात ठेवावे.

१. माप बदलू नये. ‘एक माप रुंद घ्या’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. १९५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर आहे, तर २०५/५५ आर १६ चा सुमारे ६३२. म्हणजे चाक जवळपास दोन टक्के मोठे झाले, गिअर तितके लांबले आणि स्पीडोमीटरही बदलला. मग फरक टायरचा होता की मापाचा, हे कोणालाही सांगता येणार नाही. लोड इंडेक्स ८७, म्हणजे एका टायरला ५४५ किलो, याच्या खाली जाऊ नये. वेगाचे अक्षर व्ही, म्हणजे ताशी २४० किलोमीटर, असावे.

२. एकाच वर्गातले टायर समोरासमोर ठेवावेत. मिशलिन प्रायमसी ४ हा आरामदायी प्रवासाचा टायर, योकोहामा अॅडव्हान फ्लेव्हा व्ही७०१ किंवा मिशलिन पायलट स्पोर्ट ४ हे रस्त्यावरचे स्पोर्ट टायर, आणि योकोहामाचा निओव्हा किंवा ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस हे ट्रॅककडे झुकलेले टायर. पहिल्याची तिसऱ्याशी तुलना करून काहीच हाती लागत नाही. ज्यांची गाडी रोज कामावर जाते आणि जून ते सप्टेंबर ताम्हिणीसारखा घाटही चढते, त्यांनी मधला वर्गच घ्यावा असे माझे ठाम मत आहे. तिसऱ्या वर्गाचे रबर गरम झाल्यावर खुलते आणि त्याच्या खाचाही उथळ असतात, तेव्हा कोसळत्या पावसात थंड टायरवर पहिले वळण घेताना त्याचा उपयोग नाही. परदेशी परीक्षणांत ऑल-सीझन टायरची शिफारस वारंवार दिसते. तिथे पारा सात अंशांच्या खाली उतरला की उन्हाळी टायरचे रबर ताठर होते, म्हणून ती शिफारस असते. आपल्याकडे त्या कारणासाठी कोरड्या-ओल्या रस्त्यावरची पकड गमावण्याची गरज नाही.

३. साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे, आकडे वाचावेत, पण त्यांच्यावर निर्णय सोडू नये. ट्रेडवेअरचा आकडा, म्हणजे झिजेचा (जितका मोठा, तितकी झीज कमी), अमेरिकी नियमांतून आलेला आहे. टेक्सासमधल्या ठरावीक मार्गावर नियंत्रण-टायरसोबत गाड्यांचा ताफा चालवून झीज मोजतात, परंतु अंतिम आकडा टायरवर छापतो तो कारखानदार स्वतः. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये ३०० आणि २०० या आकड्यांना अर्थ आहे. एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्या कंपनीचा ३४० यांत अर्थ शोधू नये. ट्रॅक्शनचे ‘ए’ किंवा ‘दुहेरी ए’ हे अक्षर ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावण्यापुरते आहे. वळणातल्या पकडीविषयी ते काहीही सांगत नाही, आणि आपण तर वळणासाठीच हा टायर घेत असतो. युरोपीय लेबलवरची ओल्या पकडीची श्रेणी त्यापेक्षा उपयोगी आहे. मात्र तीही कोऱ्या टायरचीच असते.

४. तारीख चारही टायरवर स्वतः वाचावी. डीओटी या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार अंक पाहावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूवर असते आणि ती बाजू आतही जाऊ शकते, म्हणून टायर रिमवर चढण्यापूर्वी पाहावे. मला एका दुकानातून एकाच सेटमध्ये दोन वेगवेगळ्या वर्षांचे टायर मिळाले होते, आणि ते मला घरी आल्यावर कळले.

५. दोन सेट एकाच परिस्थितीत चालवावेत. लेखातला अवघड भाग हाच, आणि मी वर्षभर चुकलो तेही इथेच.

झाले असे की मी नवे टायर घेतले आणि त्याच दिवशी, त्याच दुकानात, अलाइनमेंटही करून घेतले. स्टेअरिंग एकदम तरतरीत झाले. मधल्या स्थितीत जो सैलपणा होता तो गेला, आणि मी पुढचे कित्येक महिने त्या टायरचे गुणगान केले. माझ्या शब्दावर दोघांनी तेच टायर घेतले. नंतर काही कारणाने जुना सेट त्याच अलाइनमेंटवर पुन्हा चढवला, तर स्टेअरिंग तसेच तरतरीत! पुढच्या चाकांचा टो (चाके सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडलेला होता, तो सुधारला होता. टायरचे श्रेय त्यात फार थोडे होते. तेव्हापासून माझा नियम असा की अलाइनमेंट आधी करावे, जुन्याच टायरवर निदान आठवडाभर गाडी चालवावी, आणि मगच टायर बदलावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

त्यानंतरचा शत्रू हवेचा दाब. तापमान दहा अंशांनी वाढले की ३३ पीएसआय दाबाच्या टायरमध्ये सुमारे दीड पीएसआयची वाढ होते. आमच्या इमारतीत गाडी उभी राहते तिथे सकाळी नऊनंतर फक्त डाव्या बाजूवर ऊन येते. एकदा मी साडेदहाला खाली उतरून चारही चाकांत नेमके ३३ भरले आणि दिवसभर गाडी डावीकडे आणि उजवीकडे वळताना वेगळी का वागते याचा शोध घेत राहिलो. डावे टायर उन्हात तापलेले असताना मी त्यांतली हवा काढून त्यांना ३३ वर आणले होते. सावलीतले उजवे टायर खरोखर थंड होते. म्हणजे प्रत्यक्षात डाव्या बाजूला दाब कमी होता. म्हणून दाब सूर्य वर येण्यापूर्वी, गाडी रात्रभर एका जागी उभी असताना, स्वतःच्या एकाच गेजने मोजावा. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर दोन पंपांत दोन-तीन पीएसआयचा फरक मी अनेकदा पाहिला आहे. गेज अचूक नसला तरी चालेल, तो तोच असला पाहिजे. नायट्रोजनसाठी पैसे देऊ नयेत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारख्याच वाढतात.

नव्या टायरवर पहिले ३०० किलोमीटर कोणतेही मत नोंदवू नये. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर पृष्ठभागावर असतो, आणि पूर्ण खोलीचे उंच ट्रेड-ब्लॉक वळणात बाजूला झुकतात, त्यामुळे स्टेअरिंग किंचित मऊ वाटते. हा मऊपणा साइडवॉलचा आहे असे समजून अनेक जण चांगला टायर नाकारतात.

आता प्रत्यक्ष चाचणी. ती सार्वजनिक रस्त्यावर, घाटात किंवा एक्सप्रेसवेवर अजिबात करू नये. तिथे समोरून येणाऱ्या माणसाने आपल्या प्रयोगाला संमती दिलेली नसते. शक्य असेल तर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर जावे, नाहीतर परवानगी घेऊन एखादे बंद डांबरी मैदान मिळवावे आणि खडे झाडून घ्यावेत. दोरी आणि खडूने २० मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे, त्यावर शंकू ठेवावेत आणि त्याच रेषेवर गाडी फिरवत हळूहळू वेग वाढवावा. एका क्षणी स्टेअरिंग आणखी वळवले तरी गाडीचे नाक बाहेर सरकू लागते. त्याच्या किंचित आत वेग स्थिर ठेवून पाच फेऱ्यांची वेळ घ्यावी, नंतर उलट दिशेने पाच. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८५ पट पकड असलेला टायर ही फेरी सुमारे ९.७३ सेकंदांत पूर्ण करतो, आणि ०.९ पट असलेला सुमारे ९.४६ सेकंदांत. म्हणजे एका फेरीत पाव सेकंदाचा आणि पाच फेऱ्यांत सव्वा सेकंदाहून अधिक फरक पडतो, जो हातातल्या साध्या स्टॉपवॉचवरही स्पष्ट दिसतो. वेग ताशी ४६ ते ४८ किलोमीटरच असतो, त्यामुळे चुकले तरी गाडी फक्त रुंद जाते.

फेऱ्यांपूर्वी पुढच्या टायरच्या खांद्यावर, ट्रेडपासून साइडवॉलपर्यंत, खडूची आडवी रेघ मारावी. फेऱ्यांनंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते पाहावे. बहुतेक टायरच्या खांद्यावर झिजेच्या खुणेचा लहानसा त्रिकोण असतो. रेघ त्याच्याही पलीकडे पुसली गेली असेल तर टायर साइडवॉलवर लोळत आहे, आणि दोन पीएसआय वाढवून फेऱ्या पुन्हा घ्याव्यात. प्रत्येक टायरला त्याचा योग्य दाब शोधून दिल्याशिवाय त्याला हरलेला ठरवू नये. मऊ साइडवॉलचा टायर ३३ वर सुस्त असतो आणि ३५ वर जागा होतो, हे मी दोनदा अनुभवले आहे.

शेवटी, पहिला सेट पुन्हा चढवून पुन्हा फेऱ्या घ्याव्यात. सकाळी आठचे डांबर आणि अकराचे डांबर सारखे नसते. पहिल्या सेटची दुसरी वेळ त्याच्या पहिल्या वेळेशी जुळली, तरच मधल्या सेटचा आकडा विश्वासार्ह. यासाठी त्याच रुंदीची आणि त्याच ऑफसेटची (चाक किती आत-बाहेर बसते ते ठरवणाऱ्या मापाची) चार जास्तीची रिम लागतात. रुंदीत अर्ध्या इंचाचा फरक असला तरी साइडवॉलचा ताण बदलतो, म्हणून ‘बसते ना, मग झाले’ हे इथे चालत नाही. टाकीतले इंधनही दोन्ही वेळा सारखेच ठेवावे.

६. तीच फेरी ओल्यात घ्यावी. पाण्याच्या टँकरने मैदान भिजवावे. कोरड्यात पुढे असलेला टायर इथे मागे पडला, तर मी मागचा-पुढचा विचार न करता दुसरा घेतो. मात्र ओल्यात किती पकड गेली याइतकेच, ती जाताना टायर आधी सूचना देतो की नाही, यालाही महत्त्व आहे. ही चाचणी खाचांची खोली तीन-चार मिलिमीटर राहिल्यावर पुन्हा करावी. कोरे असताना बरोबरीत असलेले दोन टायर या टप्प्यावर बरेच दूर गेलेले मला आढळले आहेत. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पावसाळ्यात मी तीनला टायर काढतो.

७. आवाज. एकाच रस्त्यावर, ताशी ८० वर, काचा बंद करून ऐकावा.

८. किंमत किलोमीटरमध्ये मांडावी. आठ मिलिमीटरपासून तीनपर्यंत वापरायला पाच मिलिमीटर मिळतात. दर ५,००० किलोमीटरला डेप्थ गेजने पुढच्या टायरची खोली तीन जागी मोजावी: आतली कड, मध्य, बाहेरची कड. प्रत्येक मिलिमीटरला किती किलोमीटर मिळाले ते वहीत लिहावे, त्याला पाचने गुणावे आणि टायरच्या किमतीला त्या आकड्याने भागावे. आतली कड बाहेरच्यापेक्षा मिलिमीटरभर अधिक झिजलेली दिसली तर तो हिशेब रद्द करावा, अलाइनमेंट तपासून घ्यावे आणि त्या तारखेपासून नवी नोंद सुरू करावी.