झाडाला काय घालू, हे विचारण्याआधी: घरच्या भाजीबागेतल्या या चुका टाळा

कुंडीतल्या टोमॅटोची पानं पिवळी पडली की पहिला प्रश्न येतो, "काय घालू?" सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी ताक सांगतं, कुणी केळ्याच्या सालीचं पाणी, कुणी अंड्याची टरफलं, कुणी दुकानातली पुडी. आठवडाभरात तिन्ही-चारही गोष्टी कुंडीत जातात आणि झाड होतं तिथंच राहतं, किंवा आणखी खंगतं. घरच्या बागेतली बहुतेक दुखणी काही कमी पडल्याने होतच नाहीत. पाणी, ऊन, माती आणि हंगाम या चारांपैकी एक चुकलेलं असतं. म्हणून आधी नीट पाहायचं, मग घालायचं.

रोज पाणी घालणं

झाडं पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त पाण्यात बुडून मरतात, निदान शहरातल्या बाल्कन्यांमध्ये तरी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग झाड माना टाकतं. आपण समजतो तहानलंय, आणि आणखी एक तांब्या ओततो.

यातून सुटायची सोपी पारख आहे. दुपारी दोनला पानं मलूल दिसली तर घाई करू नका. भोपळा, दुधी, वांगं यांची मोठी पानं कडक उन्हात मान टाकतातच आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. सकाळी सातला पाहा. सकाळीही झाड मलूल असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी असेल तर पाणी हवंय. माती ओली असूनही झाड वाकलं असेल तर मुळं अडचणीत आहेत: पाणी थांबवा, कुंडीखालची ताटली काढून टाका, तळाचं भोक मोकळं आहे का ते काडी घालून बघा. त्या अवस्थेत खत अजिबात देऊ नका. दुखऱ्या मुळांना खत सोसत नाही.

कोकोपीट घातलेल्या कुंडीत फसगत हमखास होते. वरचा थर लगेच वाळून फिका दिसतो, खाली मात्र चिखल असतो. नजरेवर विसंबू नका, बोट घालाच.

उलटही घडतं. देशावरची काळी माती सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट तळाच्या भोकातून बाहेर येतं आणि मधला गड्डा कोरडाठाक राहतो. कुंडी उचलून पाहिली तर हलकी लागते. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून द्या. पुढच्या वेळी नुसती काळी माती भरूच नका. शेतात ती सोनं आहे, कुंडीत ती घट्ट बसते. लाल माती किंवा पोयटा (गाळाची माती), चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, आणि भुसभुशीतपणासाठी कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा असं साधारण समसमान मिसळलं तरी भाज्यांना पुरतं.

पानं पिवळी म्हणजे एकच रोग नव्हे

कुठली पानं पिवळी पडताहेत ते बघा. खालची, जुनी पानं पूर्ण पिवळी पडून गळत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. मूठभर गांडूळखत द्या. कोकणात जुलै-ऑगस्टच्या संततधारेत कुंडीतली अन्नद्रव्यं धुऊन जातात, तेव्हा हे फार दिसतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असं असेल तर झाडाला लोह मिळत नाहीये. बोअरच्या जड पाण्यावर वाढवलेल्या बागेत, कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतात तिथे, हे नेहमीचं आहे. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. तिथे शेणखत कितीही ओता, फरक पडत नाही. पावसाचं पाणी साठवून वापरलं तर पडतो.

ऊन मोजलेलंच नसतं

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना निदान सहा तास थेट ऊन हवं. "उजेड भरपूर येतो" याला ऊन म्हणत नाहीत. उजेडावर पालक, मेथी, पुदिना, आळू होतील. टोमॅटो नुसता उंच वाढेल.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) येतो आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे जानेवारीत दक्षिणेच्या ज्या बाल्कनीत ऊन आतल्या भिंतीपर्यंत येत होतं, तिथे उन्हाळ्याच्या शेवटी वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते. डिसेंबरात लदलेली मिरची जूनमध्ये रुसली तर तिला टॉनिक नको, जागा बदलून हवी.

हंगामाशी भांडण

मार्चमध्ये नर्सरीतून टोमॅटोचं रोप आणायचं आणि मेमध्ये फुलं का गळतात म्हणून हवालदिल व्हायचं, हे दरवर्षीचं. दिवसाचं तापमान 35 अंशांपलीकडे गेलं आणि रात्रीही गारवा मिळाला नाही की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. फूल येतं, फळ धरत नाही. विदर्भात तर पारा 40 च्या वर जातो, तिथे कुठल्याही फवारणीने हे बदलणार नाही. उन्हाळ्यात गवार, भेंडी, काकडी, चवळी लावा. कोथिंबीर उन्हाळ्यात नीट उगवत नाही आणि उगवली तरी लवकर फुलोऱ्यावर येते. तिला हलकी सावली द्या. फ्लॉवर, कोबी, गाजर, मटार यांची खरी वेळ पाऊस ओसरल्यानंतरची.

दुधी चिमुकला असतानाच सुकतो

याला लोक कीड समजतात. वेलीवर बोटाएवढा लवदार दुधी दिसतो, चार-पाच दिवसांत टोकाकडून पिवळा पडतो आणि गळतो. कारण बहुधा एकच, परागीकरण झालेलं नाही. आठव्या-दहाव्या मजल्यावर कीटक फारसे येत नाहीत, त्यामुळे हे काम आपल्याला करावं लागतं.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मिटायला लागतं. सकाळी दहाला ब्रश घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो. दिवेलागणीला जा. नुसत्या लांब दांड्यावरचं फूल नर, आणि ज्याच्या मागे इवलासा दुधी आहे ते मादी. ताजं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवा. पिवळी भुकटी चिकटलेली डोळ्यांना दिसते. दोन-तीन दिवसांत देठ जाड होऊन दुधी खाली वळू लागला की काम झालं. दोडक्याची फुलंही संध्याकाळचीच. काकडी, कारली, लाल भोपळा आणि घोसाळं मात्र सकाळी. वेलीवर सुरुवातीला नुसती नर फुलं येऊन गळतात, त्याची काळजी करू नका, तो क्रमच आहे. टोमॅटोला दुसऱ्या फुलाची गरज नसते. सकाळी फांदीला टिचकी मारली तरी पुरतं.

टोमॅटोचं काळं बूड आणि अंड्याची टरफलं

फळाच्या खालच्या टोकाला काळपट, चामड्यासारखा खोलगट डाग पडतो. फळापर्यंत चुना, म्हणजे कॅल्शियम, पोचलं नाही की असं होतं, म्हणून टरफलं घालायचा सल्ला मिळतो. पण दख्खनच्या मातीत चुना बहुतेक वेळा भरपूर असतो. तो फळापर्यंत पाण्याबरोबर जातो, आणि दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी बादलीभर अशा पाण्याने ती वाट तुटते. टरफलं विरघळायला महिनेच्या महिने लागतात. त्यापेक्षा कुंडी मोठी घ्या, एका टोमॅटोला निदान 15 ते 20 लिटरची, मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला आणि पाणी नेमाने द्या. डागाळलेली फळं काढून टाका, पुढची चांगली येतील.

चहाचा चोथा घालणार असाल तर दूध-साखर धुऊन घाला, नाहीतर मुंग्या येतात. ओला कचरा थेट कुंडीत पुरू नका. तो कुजताना चिलटं होतात आणि झाडाच्या वाट्याचं नत्र सूक्ष्मजीवच वापरतात. वेगळ्या डब्यात वाळक्या पानांबरोबर कुजवा. मातीचा वास आला की खत तयार झालं.

कीड दिसताच औषधाची बाटली

आधी पान उलटून बघा. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण सगळे पानांच्या मागे आणि शेंड्यात असतात. मुंग्यांची रांग वर चढत असेल तर वर बहुधा मावा किंवा पिठ्या असतो. मुंग्या त्यांचा गोड पाझर खातात आणि त्यांना राखतात. पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस मारला तरी निम्मी कीड जाते. उरलेल्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, फडक्यातून गाळायची, एक लिटर पाणी करायचं, त्यात थोडा साबण. त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या मागून फवारा, कारण उन्हात त्याचा गुण उतरतो. झुरळ-डासांचे फवारे खायच्या भाजीवर कधीही मारू नका. कारल्यात फळमाशीच्या अळ्या निघाल्या तर ते फळ कुंडीतल्या खतात टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून टाका. नाहीतर पुढची पिढी तुमच्याच बागेत जन्मते. कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधणं हा सगळ्यात साधा उपाय.

फळझाडं

बी पेरून उगवलेलं लिंबू फळायला पाच-सहा वर्षं सहज घेतं, म्हणून कलम किंवा गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) आणा. कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट वेळच्या वेळी खुडा. ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाची असते, जोरात वाढते आणि वरचं कलम उपाशी मरतं. पान आणि काटे वेगळे दिसले की ओळखा. पेरूला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे छाटणीला घाबरू नका. लिंबू नुसतं हिरवंगार वाढतंय आणि फुलत नाही? बारमाही पाणी आणि नत्र मिळतंय. बागायतदार बहरासाठी पाणी तोडून ताण देतात. घरीही थोडे दिवस पाणी कमी करून मग खतपाणी दिलं तर फूल येतं.

गच्चीवरचं ओझं

20 लिटरची कुंडी भिजल्यावर तीसेक किलोची होते. अशा पन्नास कुंड्या गच्चीच्या मधोमध मांडल्या की दीड टन. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर भाज्या पिकवल्या गेल्या त्या पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा कुजवून, मातीचे ढीग चढवून नव्हे. जड कुंड्या बीमवर आणि भिंतीच्या कडेला ठेवा, खाली विटा देऊन स्लॅबपासून उचला, आणि जुन्या इमारतीत गच्चीवर वाफे बांधण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.