लाकडी धनुष्यासाठी ड्रॉ लेंथ मोजायची, ती अशी

दोरी पूर्ण ताणल्यावर बाणाच्या खाचेपासून धनुष्यापर्यंत जे अंतर पडतं, ती ड्रॉ लेंथ. कारखान्यातलं फायबरचं धनुष्य इंचभर जास्त ओढलं तरी सहसा निभावून नेतं. बांबूचं किंवा धामणीच्या लाकडाचं धनुष्य तसं नाही. प्रत्येक इंचाला ते ओढायला साधारण दोन-तीन पौंडांनी जड होत जातं आणि मापापलीकडे ओढलं की एक तर कायमचं वाकून बसतं, नाहीतर मोडतं. त्यामुळे आधी माप, मग रंधा.

दोन्ही हात आडवे पसरा, मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर घ्या आणि अडीचने भागा. १७० सेंमी भरलं तर ६८ सेंमी, म्हणजे पावणेसत्तावीस इंच. हे उत्तर लाकूड निवडण्यापुरतंच. त्यावर धनुष्य तासायला बसू नका. आणि कोणी म्हणालं की ‘सरळ २८ धरा, सगळे तेच धरतात’, तर ऐकू नका. धनुष्याचं वजन, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, कोणत्या ओढीला सांगायचं यासाठी ठरवलेला तो आकडा आहे. तुमच्या हाताशी त्याचा काही संबंध नाही.

आता खरं माप. एक हलकं धनुष्य (२०-२५ पौंड), टोक न बसवलेला ३२ इंची बाण, कपडे वाळत घालायचा लहान चिमटा आणि बघायला एक माणूस. बाणावर इंचाच्या खुणा करा. शून्य खाचेच्या तळाशी, जिथे दोरी टेकते तिथे. बाणाच्या मागच्या टोकापासून मोजलं की माप तिथेच चुकलं.

बाण दोरीवर चढवा आणि चिमटा धनुष्याच्या पुढे, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला, बाणावर लावा. तुम्ही ओढता तसा बाण मागे येतो, चिमटा धनुष्याच्या पाठीला (लक्ष्याकडची बाजू ती पाठ) अडतो आणि बाण त्यातून सरकत राहतो. दोरी परत सैल केली तरी चिमटा जास्तीत जास्त ओढीच्या खुणेवर थांबलेला असतो. चिमटा घट्ट असेल तर त्याची स्प्रिंग थोडी ढिली करा, नाहीतर तो बाणालाच खेचतो.

घोळ होतो तो याच्या पुढे. माप घेतंय म्हटलं की माणूस ताठतो. छाती फुगवतो, धनुष्याचा हात कोपरात कुलूप लावल्यासारखा सरळ करतो, हनुवटी मागे नेतो आणि आपल्या नेहमीच्या ओढीपेक्षा इंच-दीड इंच जास्त ओढतो. मलाही सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर लागला. पहिल्या ओढीचं माप मी कधीच लिहून घेत नाही. आधी त्या माणसाला त्याच धनुष्याने नेहमीचे बाण मारू देतो. हात गरम झाला, गप्पा सुरू झाल्या, की मगच चिमटा लावतो.

ओढून हात नेमका कुठे टेकतो, हे आधी पक्कं करा. तर्जनी तोंडाच्या कोपऱ्यात की हात हनुवटीखाली, काहीही चालेल, पण दर वेळी तेच. नुसतं हे बदललं तरी माप हलतं. लाकडी धनुष्य मारताना डावा कोपर किंचित वाकलेला असतो, मापातही तो तसाच ठेवा. दोरी पूर्ण ताणून दोन-तीन सेकंद धरा, मग हळूहळू परत सोडा. माप घेताना बाण सोडायचा नाही, आणि बाण चढवलेला नसताना ताणलेली दोरी तर कधीच सोडायची नाही. बाणाचं तोंड कायम टार्गेटकडे.

असं चार-पाच वेळा करा. आकडे अर्ध्या इंचात बसत असतील तर त्यातला सगळ्यात मोठा घ्या. सरासरी काढणाऱ्यांचं मला पटत नाही. धनुष्य मोडतं ते सगळ्यात लांब ओढीला, सरासरीला नाही. आकडे इंचभर किंवा त्याहून जास्त इकडेतिकडे होत असतील तर त्या माणसाची पद्धतच अजून बसलेली नाही. त्याला महिनाभर सराव करू द्या, मग धनुष्य करा.

आकडा लिहिताना ‘पाठीपर्यंत’ हेही लिहा. कंपन्यांची पद्धत वेगळी, त्या मुठीच्या खोलगट भागापर्यंत मोजून पावणेदोन इंच मिळवतात. दोन्ही आकडे सहसा जवळपास येतात, पण जाड मुठीच्या लाकडी धनुष्यात फरक पडतो.

पुढचं सोपं. ड्रॉ लेंथची दुप्पट, अधिक मुठीचा न वाकणारा भाग, वर चार इंच. २७ इंच ओढ आणि ८ इंच मूठ असेल तर ६६ इंच लांबी. तासताना धनुष्य मापापेक्षा एक इंच पुढेपर्यंत वाकवून पाहा, त्यापुढे नाही. वाढत्या वयाच्या मुलासाठी करत असाल तर चार-सहा इंच लांबच करा.

बाण मात्र सगळ्यात शेवटी कापा, ड्रॉ लेंथपेक्षा किमान एक इंच लांब. आणि मुठीवर आकडा कोरून ठेवा. तो वाचल्याशिवाय लांब हाताच्या मित्राच्या हातात धनुष्य देऊ नका.