रनिंग शूज घेताना या चुका टाळा, नख काळं पडायच्या आधी

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना सगळ्यांनाच धाप लागते, पण बुटांची परीक्षा उतरताना होते. पहिल्यांदा धावले तेव्हा खाली येऊन मोजा काढला, तर अंगठ्याचं नख जांभळं. पुढे ते काळं पडलं आणि गळूनच गेलं. बूट चांगले महागातले होते. फक्त ऑफिसच्या सँडलचाच नंबर मी डोळे मिटून घेतला होता.

धावताना पाय सुजतो, उतारावर पुढे सरकतो. बूट घालून उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असं नाही) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. बहुतेकींना रोजच्यापेक्षा अर्धा-एक नंबर मोठा लागतो. खरेदीला संध्याकाळी जा, धावायचे मोजे सोबत न्या, आणि माप मोठ्या पायाचं धरा. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. बाळंतपणानंतर पाऊल कायमचं वाढू शकतं, त्यामुळे जुना नंबर विसरा. ऑनलाइन घेताना तर नंबरावर जाऊच नका. यूके ५ म्हणजे अमेरिकी लेडीज ७ च्या आसपास, तेही कंपनीगणिक बदलतं. लेबलवरचे सेंटीमीटर बघा.

लांबी बघतो, रुंदी मात्र कुणी विचारत नाही. लेडीज बुटांची नेहमीची रुंदी 'बी', जेन्ट्सची त्याहून मोठी, 'डी'. चपलांत मोकळा वाढलेला चवडा 'बी'मध्ये कोंबला की करंगळीला फोड येतात, बोटं बधिर होतात. दुकानात आतलं सोल बाहेर काढून त्यावर उभं राहा. पाऊल कडेनं बाहेर ओघळलं तर तो बूट तुमचा नाही. लेडीजमध्ये 'वाइड' मागा, नसेल तर सरळ जेन्ट्सचा घालून बघा. दुकानदार गुलाबी जोडी पुढे करत राहील, करू दे.

यावर हमखास येणारी तक्रार: टाच सटकते. म्हणून लगेच नंबर कमी करू नका. बुटाला सगळ्यात वर दोन्ही बाजूंना एकेक जादा भोक असतं, ते बहुतेक जणी रिकामंच ठेवतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास ठेवा, दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओवा आणि खाली ओढून बांधा. टाच जागच्या जागी बसते. एवढं करूनही सटकली, तर तो साचा तुमच्या पायाचा नाही.

फरशीवर ओल्या पावलाचा ठसा बघून, म्हणजे तळव्याच्या कमानीवरून, बूट ठरवणं हाही एक लाडका प्रकार. अमेरिकी लष्करात नव्या भरतीच्या जवानांना तळव्याच्या कमानीनुसार बूट देऊन पाहिले. दुखापती काही कमी झाल्या नाहीत. दुकानाबाहेर दोन मिनिटं पळून जो आरामदायक वाटेल तो घ्या.

जुने बूट नडगी किंवा गुडघा दुखायला लागेपर्यंत ओढू नका. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये तळाचा फोम दबून बसतो, वरून बूट कितीही नवा दिसो. भाजीला जातानाही तेच घालाल तर आणखी लवकर. मी पहिल्याच दिवशी बुटाच्या जिभेमागे मार्करने तारीख टाकून ठेवते.