पर्ल हार्बरचे पाणबुडी-स्मारक : कसे पाहावे, कसे वाचावे

पर्ल हार्बरला जाणारे बहुतेक प्रवासी ‘ॲरिझोना’ युद्धनौकेचे स्मारक पाहून परततात, आणि त्याच्या स्वागतकेंद्राला लागूनच असलेले पाणबुडी-स्मारक ‘वेळ उरला तर पाहू’ म्हणून राहून जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या आणि त्यांच्यावरील साडेतीन हजारांहून अधिक नौसैनिक गमावले गेले. येथे प्रत्येक पाणबुडीची हकीकत आणि तिच्यावरील मृतांची नावे स्वतंत्र फलकावर दिलेली आहेत. यासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा.

बॅग आत नेता येत नाही, त्यामुळे पाकीट, पाण्याची बाटली आणि फोन एवढेच जवळ ठेवावे. शेजारी नांगरलेली ‘बोफिन’ ही पाणबुडी आतून पाहण्यासाठी तिकीट घ्यावे लागते. आधी ‘बोफिन’ पाहावी आणि मगच फलकांकडे वळावे, असे मी सुचवेन, कारण टॉर्पेडोंच्या खोलीत टॉर्पेडोंना खेटून टांगलेले बिछाने आणि सुमारे ऐंशी माणसांना आठवडेच्या आठवडे पुरवावी लागणारी ती जागा पाहिल्याशिवाय फलकांवरची नावे केवळ यादीच वाटते.

सगळे ५२ फलक सलग वाचू नयेत. नावे एकमेकांत मिसळून जातात. घरूनच तीन-चार पाणबुड्या निवडून, त्यांचा इतिहास वाचून जावे. ‘टँग’ अवश्य निवडावी : ऑक्टोबर १९४४ मध्ये तिचाच शेवटचा टॉर्पेडो वळसा घेऊन तिच्यावर आदळला आणि ८७ जणांपैकी केवळ नऊ जण वाचले. ‘स्कल्पिन’चा फलक मात्र ‘सेलफिश’ची कथा ठाऊक करून घेऊनच वाचावा. १९३९ मध्ये ‘स्क्वॅलस’ नावाची पाणबुडी सरावादरम्यान बुडाली, तेव्हा तिचा ठावठिकाणा ‘स्कल्पिन’ने लावला होता, ती वर काढून ‘सेलफिश’ या नव्या नावाने पुन्हा सेवेत आली. नोव्हेंबर १९४३ मध्ये ‘स्कल्पिन’ बुडताना आगामी मोहिमांची गुपिते ठाऊक असलेले कॅप्टन जॉन क्रॉमवेल ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून पाणबुडीतच थांबले. जे पकडले गेले, त्यांतील २१ जणांना नेणारी जपानी विमानवाहू नौका डिसेंबरमध्ये ‘सेलफिश’नेच बुडवली, आणि त्यांच्यापैकी एकच जण वाचला.

आणखी एक गोष्ट जाण्यापूर्वी वाचून ठेवावी. ‘बोफिन’ने ऑगस्ट १९४४ मध्ये बुडवलेल्या ‘त्सुशिमा मारू’ जहाजावर ओकिनावाहून सुरक्षित स्थळी नेली जाणारी शाळकरी मुले होती आणि त्यांतील सातशेहून अधिक मृत्युमुखी पडली. जहाजावर मुले आहेत, हे पाणबुडीवरच्यांना ठाऊक नव्हते. ही नोंद वगळून केलेली भेट मला अपुरी वाटते.

चार वर्षांखालील मुलांना पाणबुडीत प्रवेश नाही, म्हणून लहान मूल बरोबर असल्यास मोठ्यांनी आळीपाळीने आत जावे. आतील दरवाजे अरुंद आणि उंच उंबरठ्यांचे आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी संग्रहालय आणि फलकांवरच समाधान मानावे.