जर्मनीला इलेक्ट्रॉनिक सुटे भाग कसे निर्यात करावेत

आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक, बँकेच्या एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाची) सीमाशुल्क विभागाकडे नोंदणी आणि जीएसटीचे एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) ही कामे झालेली आहेत, असे येथे गृहीत धरले आहे. त्यांची माहिती जागोजागी मिळते; चुकीचे सल्ले सुरू होतात ते त्यापुढे.

१. माल निवडा. साधे रेझिस्टर किंवा कॅपॅसिटर घेऊन जर्मनीत जाण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याकडे दुर्लक्ष करावे. तेथे गाठ पूर्व आशियातील अवाढव्य कारखान्यांशी पडते आणि भावात त्यांच्यापुढे टिकाव लागत नाही. संधी आहे ती ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे, थोड्या नगसंख्येत बनणाऱ्या मालात: फेराइट कोअरचे (चुंबकीय गाभ्याचे) ट्रान्सफॉर्मर, चोक (प्रवाहातील चढउतार रोखणारी तारेची वेटोळी), वायर हार्नेस (एकत्र बांधलेल्या तारांचे जुडगे). यंत्रे, पॉवर सप्लाय आणि मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या जर्मन कंपन्यांना हाताचे वाइंडिंग तिथल्या मजुरीत परवडत नाही.

२. ग्राहक गाठा. म्युनिकचे ‘इलेक्ट्रॉनिका’ प्रदर्शन सम वर्षांत नोव्हेंबरमध्ये भरते. स्टॉलवर पैसे घालण्याआधी एकदा नुसते फिरून यावे.

३. सीई प्रमाणपत्र विकत घेऊ नका. सीई म्हणजे माल युरोपीय नियमांत बसतो असे सांगणारी खूण. ‘युरोप म्हणजे सीई’ असे सांगून इंडक्टरसारख्या तारेच्या वेटोळ्यासाठीही प्रमाणपत्र विकणारे सल्लागार भेटतात. दुसऱ्या उपकरणात बसवायच्या अशा सुट्या भागांवर साधारणतः सीई खूण करायचीच नसते. ती तयार उपकरणावर असते. जर्मन खरेदी विभाग असे प्रमाणपत्र पाहतो तेव्हा पुरवठादाराला नियम कळलेले नाहीत, एवढेच त्याच्या लक्षात येते.

४. घटकद्रव्यांचे घोषणापत्र तयार करा. बहुतेक निर्यातदार अडकतात ते येथे, आणि मलाही सर्वांत जास्त त्रास याच टप्प्याने दिला आहे. रोहस या, विद्युत उपकरणांतील घातक पदार्थांवर बंधन घालणाऱ्या युरोपीय निर्देशातील दहा पदार्थांची मर्यादा, म्हणजे कॅडमियमसाठी ०.०१ टक्के आणि उरलेल्या नऊंसाठी ०.१ टक्के, ही संपूर्ण ट्रान्सफॉर्मरच्या वजनावर मोजली जात नाही. ती प्रत्येक एकजिनसी पदार्थावर स्वतंत्रपणे मोजली जाते: बॉबिनचे (तार गुंडाळायच्या रिळाचे) प्लास्टिक वेगळे, तारेवरचे इनॅमल वेगळे, टेपचा गोंद वेगळा, व्हार्निश वेगळे, पिनवरचा कथलाचा मुलामाही वेगळा. ‘एकूण वजनात शिसे नगण्य आहे’ या उत्तराला त्यामुळे काहीही किंमत नाही.

रीच या युरोपीय रसायन नियमावलीचे गणित निराळे आहे. तेथे अतिचिंताजनक पदार्थांची यादी सहसा वर्षातून दोनदा वाढते आणि ०.१ टक्क्याची मर्यादा ट्रान्सफॉर्मरमधील प्रत्येक सुट्या वस्तूला लागू होते. पितळी टर्मिनलचे उदाहरण घ्यावे. सहज कातता यावे म्हणून अशा पितळात ३ टक्क्यांच्या आसपास शिसे असते. रोहसच्या ६ (सी) या सवलतीत तांब्याच्या मिश्रधातूला ४ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, म्हणून ‘रोहसला अनुरूप’ असे लिहून माणूस निश्चिंत होतो. शिसे मात्र २०१८ पासून रीचच्या यादीत आहे. त्यामुळे ते कळवणे बंधनकारक ठरते, आणि ५ जानेवारी २०२१ पासून तुमच्या आयातदाराला त्याची नोंद युरोपच्या स्किप या, अशा पदार्थांच्या माहितीकोशात करावी लागते. सवलतींना मुदत असते, म्हणून घोषणापत्रात सवलतीचा क्रमांक लिहावाच.

प्रयोगशाळेत एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारी) चाचणी केली की काम झाले, हा दुसरा गोड गैरसमज आहे. ते यंत्र एकूण क्रोमियम दाखवते, त्यातले रोहसने मर्यादा घातलेले षट्संयुजी किती ते सांगत नाही. आणि थॅलेट त्याला दिसतच नाहीत. पीव्हीसी स्लीव्हमध्ये (तारेवर चढवायच्या नळीत) लवचिकतेसाठी घातले जाणारे चार थॅलेट २०१९ पासून बहुतेक उपकरणांच्या बाबतीत रोहसखाली येतात, त्यांच्यासाठी जीसी-एमएस (रसायने वेगळी करून ओळखणारी) चाचणीच लागते. आमच्या एका स्थानिक पुरवठादाराने त्याच रंगाची, त्याच जाडीची, पण वेगळ्या कारखान्याची स्लीव्ह न सांगता पाठवली होती. डोळ्यांनी फरक ओळखणे अशक्य होते. तेव्हापासून स्लीव्ह, टेप आणि व्हार्निश यांच्या खरेदी आदेशात मूळ उत्पादकाचे नाव आणि ग्रेड लिहिलेलेच असते. पुरवठादाराच्या लेटरहेडवरचे ‘आमचा सर्व माल रोहसप्रमाणे आहे’ हे एका ओळीचे पत्र मी फाइलला लावत नाही; ग्रेडनिहाय आणि तारखेसह चाचणी अहवाल मागतो.

५. बदल कळवण्याची शिस्त ठेवा. मान्य झालेल्या नमुन्यानंतर तार, कोअर किंवा उत्पादनाची जागा बदलायची असेल, तर ग्राहकाला आधी लेखी कळवावे. या व्यवसायातील जे-एसटीडी-०४६ हे मानक किमान ९० दिवसांची पूर्वसूचना मागते. दोन टक्क्यांनी वाढवलेला भाव जर्मन ग्राहक सहन करील, परस्पर बदललेली तार नाही.

६. नमुने हवाई मार्गाने पाठवा. पहिल्या नगांसोबत मोजमापांचा अहवाल ड्रॉइंगवरच्या क्रमांकांनुसार जोडावा.

७. पॅकिंग करा. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का हवा. फेराइट कोअर ठिसूळ असतो, म्हणून माल पिशवीत सुटा न भरता खाचांच्या ट्रेमध्येच भरावा. इनव्हॉइसवर ट्रान्सफॉर्मर आणि इंडक्टरसाठी ८५०४ हे एचएस (सीमाशुल्कासाठीच्या माल-वर्गीकरणाचे) शीर्षक येते. पुढचे अंक आयातदाराकडून पक्के करून घ्यावेत, कारण तेथील शुल्क तोच भरणार असतो.