नायट्रो बोट तळ्यावर नेण्याआधी: सुईच्या आधी टाकी बघा

हे सगळं रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल बोटीतल्या, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणाऱ्या ३.५ सीसीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या मरीन इंजिनाला धरून लिहिलं आहे. सुई म्हणजे कार्ब्युरेटरवरचा इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू; उघडली की इंधन वाढतं. इंजिन ७.५ किंवा १५ सीसीचं असेल तर मापं बदलतील, कामांचा क्रम तोच राहील.

सुरुवात आदल्या रात्री करायची. स्क्रूड्रायव्हर कार्ब्युरेटरला लावायच्या आधी टाकी बोटीतून बाहेर काढा, बूच उघडा आणि टाकीच्या आतली नळी बदला. बाहेरच्या दिसणाऱ्या नळ्या सगळेच बघतात. मी सांगतोय ती आतली, जिच्या टोकाला नळीचं तोंड इंधनात ठेवणारं पितळी वजन लोळत असतं. ती बाहेरून चांगली वाटली तरी बदला. हाताच्या बोटाएवढा सिलिकॉनचा तुकडा लागतो, पण तो फाटलेला असेल तर अख्खा दिवस वाया जातो आणि वर पिस्टन-लायनर (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) जाण्याची भीती असते.

कारण नीट समजून घ्या, नाहीतर ही पायरी गाळली जाते. सिलिकॉन बहुतेक वेळा फाटतं ते पितळी नळीच्या कापलेल्या कडेवर. तिथे एक बारीक चीर पडते. टाकी भरलेली असताना ती चीर इंधनात बुडालेली असते, त्यामुळे नळीत इंधनच जातं आणि इंजिन झकास चालतं. टाकी निम्म्यावर आली की चीर उघडी पडते. टाकीत धुराच्या (ट्यून्ड) पाइपमधून आलेला दाब असतोच, तो आता चिरेतून हवा ढकलतो. इंजिन लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी), आवाज चढतो, धूर नाहीसा होतो. तळ्याकाठी उभा असलेला माणूस म्हणतो, सुई जास्त घट्ट झाली, आणि अर्धी फेरी उघडतो. पुढच्या भरलेल्या टाकीला तेच इंजिन रिच (इंधन जास्त) होऊन गुरगुरतं, मग सुई परत आत. असं दिवसभर चालतं. बाहेर एक थेंबही गळत नाही, बोटीचा तळ कोरडा असतो, म्हणून टाकीवर कोणाचा संशयच जात नाही.

आणि हो, टाकी बादलीत बुडवून फुंकर मारण्याची जी नेहमीची चाचणी आहे तिच्यात हा दोष सापडत नाही. त्या चाचणीत बुचाची आणि टाकीच्या सांध्यांची गळती कळते, ती जरूर करा. पण आतली नळी फाटली असेल तर हवा टाकीतल्या टाकीतच फिरते, बुडबुडा येणार कुठून? आतली नळी तपासायची तर टाकीत पाव भागच इंधन ठेवा, कार्बकडे जाणाऱ्या नळीला पारदर्शक तुकडा जोडा आणि मोठ्या सिरिंजने सावकाश ओढा. सुरुवातीला नळीतली हवा येईल, ती सोडून द्या. त्यानंतर सलग इंधन आलं पाहिजे. बुडबुड्यांची माळ थांबत नसेल तर नळी फाटली आहे किंवा पितळेवरून सुटली आहे. ही चाचणी काठावरही दोन मिनिटांत होते, म्हणून सिरिंज पेटीत असू द्या.

नवी नळी बसवताना पितळेची कड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा, बोट फिरवून खात्री करा. बोटाला टोचलं तर सिलिकॉन कापणारच. वर बारीक झिप-टाय लावा. तार लावू नका, तीच नळी कापते. लांबी अशी की वजन मागच्या भिंतीपासून तीन ते पाच मिलिमीटर अलीकडे राहील आणि मोकळं फिरेल. टाकी कानाशी धरून हलवा, वजनाचा खडखडाट ऐकू आला पाहिजे. टाकी नाकावर उभी करून परत आडवी करा, वजन आपसूक मागे यायला हवं. बोट जोरात आपटली किंवा उलटली की हे वजन पुढे जाऊन नळी दुमडते आणि तसंच अडकून बसतं. म्हणजे प्रत्येक आपटीनंतर हे परत बघायचं. घड्याळाच्या दिशेने, म्हणजे उजव्या वळणांच्या ट्रॅकवर धावणाऱ्या बोटीत इंधन वळणावर डावीकडे फेकलं जातं. तुमच्या टाकीत ओढ (इंधन उचलणारं नळीचं तोंड) एकाच जागी पक्की असेल तर ती डाव्या मागच्या कोपऱ्यात हवी.

टाकीची उंचीही आत्ताच बघा. टाकीचा मध्य कार्बच्या फवाऱ्याच्या पातळीला किंवा किंचित खाली. वर असेल तर इंजिन बंद असताना इंधन ओघळून सिलिंडरमध्ये साचतं. टाकीच्या चारही बाजूंनी फोम द्या. टाकी थेट हलला (बोटीच्या कवचाला) टेकली की कंपनाने इंधनाला फेस येतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच.

बाहेरच्या नळ्या: पाइपच्या निपलपासून टाकीकडे येणारी दाबाची नळी गरम भागाला टेकलेली नसावी. ती निसटली तर इंजिन लगेच लीन होतं. कडक झाली असेल, टोकाला पिवळी पडली असेल तर कापून टाका. फिल्टर उघडून धुवा आणि बसवताना त्याची रिंग बघा, तिथूनही हवा जाते.

आता इंजिन. प्लग काढा. ग्लो-प्लगची (इंधन पेटवणाऱ्या प्लगची) तार चमकदार आणि ओलसर असेल तर मिश्रण रिच आहे. तार राखाडी, निस्तेज किंवा वाकडी असेल तर लीन. प्लगभोवतीचा हेडचा भाग वाळूने घासल्यासारखा खडबडीत दिसत असेल तर इंजिन आतून ठोकतं आहे. सुई थोडी उघडा, त्याने भागलं नाही तर हेडखाली ०.१ मिलिमीटरची एक शिम (पातळ चकती) वाढवा किंवा नायट्रो कमी करा. नायट्रो जास्त असेल तर प्लग थंड प्रकारचा लागतो. ओएस ८ किंवा मॅकॉय एमसी-९ सारखे प्लग बोटीत चालतात, दोन-तीन जास्तीचे ठेवा. फ्लायव्हील हाताने फिरवून बेअरिंग ऐका. खरखर असेल तर आजच बदला, कारण तुटलेला गोळा लायनर कापतो. पुढच्या बेअरिंगमधून तेल गळत असेल किंवा रेस सोडल्यावर आयडल बराच वेळ चढाच राहत असेल, तर हवा कार्बच्या बुडाच्या रिंगमधून, मागच्या झाकणाच्या पॅकिंगमधून किंवा बेअरिंगमधून जाते आहे.

पाण्याची वाट. रडरवरचं (सुकाणूवरचं) पाणी घेणारं छिद्र शेवाळ आणि वाळूने बुजतं. सिरिंजने पाणी आत ढकला; ते हेडमधून फिरून हलच्या कडेच्या निकासातून धारेने बाहेर पडलं पाहिजे. हेडला पाणी खालून आत आणि वरून बाहेर, नाहीतर आत हवेचा फुगा बसतो. धार बारीक असेल तर घरीच सोडवा, काठावर बारीक तार सापडत नाही.

ट्यून्ड पाइपची लांबी उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा थोडी लांबच ठेवून सुरू करा. पाइप आखूड केला की जोर वरच्या आरपीएमला सरकतो. एका वेळी तीन मिलिमीटरच हलवा, आणि माप नेहमी प्लगच्या मध्यापासून पाइपच्या सर्वांत फुगीर भागापर्यंत घ्या. खूण करून ठेवा.

फ्लेक्स शाफ्ट (इंजिनापासून प्रॉपेलरपर्यंतची लवचिक केबल) ओढून काढा, पुसा, मरीन ग्रीस लावा. ड्राइव्ह डॉग (प्रॉपेलरला फिरवणारा खाचेचा तुकडा) आणि स्ट्रट (मागे शाफ्ट धरणारा कंस) यांच्यात तीन मिलिमीटर फट हवी. भार आल्यावर केबल पिळून आखूड होते आणि फट नसेल तर घासते. मग इंजिनात दम नाही असं वाटतं आणि लोक परत सुईकडे धावतात. कॉलेट (शाफ्ट पकडणारी चिमटी) घट्ट. प्रॉपेलर संतुलित आणि धार केलेला. आकड्याचा अर्थ माहीत असू द्या: ओक्टुरा एक्स-४४० म्हणजे ४० मिलिमीटर व्यास आणि व्यासाच्या १.४ पट पिच (एका फेरीत प्रॉपने कापायचं अंतर). इंजिन पाइपवर चढतच नसेल (पाइपचा जोर मिळून वेग एकदम वाढतच नसेल) तर सुई सोडून आधी लहान प्रॉप लावून बघा.

इंधन ताजं हवं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून उघडा राहिलेला कॅन पावसाळ्यात तर टाकाऊच समजा. तेल १८ टक्क्यांच्या खाली नको आणि त्यात थोडं एरंडेल असावं, कारण लीन झालेल्या क्षणी तेच इंजिन वाचवतं. नायट्रोचं प्रमाण वाढवलंत तर सुई थोडी उघडावी लागते, हे विसरलात तर पहिल्याच धावेत लीन. मिथेनॉल विषारी आहे, त्वचेतूनही जातं, म्हणून हातमोजे घाला आणि तोंडाने नळी ओढू नका. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. पाण्याची भरलेली बादली बाजूला ठेवा. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी ओतून आग विझते.

पेटीत: प्लग-पाना, चार्ज केलेला ग्लो-ड्रायव्हर, स्टार्टर आणि १२ व्होल्टची बॅटरी, जास्तीचा पट्टा, टेप, चिंध्या, सिरिंज, सिलिकॉन नळीचा हातभर तुकडा. शेवटच्या दोन वस्तू टाकीच्या आतल्या नळीसाठी आहेत, त्या आधी टाका. फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटल्यावरची सोय) कार्ब बंद होईल असा लावा आणि ट्रान्समीटर बंद करून खरंच बंद होतो का ते बघा. हलमध्ये फोम असा भरा की पाणी भरलं तरी बोट तरंगेल. बोट आणायला होडी आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूस. परवानगी घ्या. पिण्याच्या पाण्याच्या तलावात तेलकट धूर सोडणारी बोट चालवूच नका.

काठावर. एबीसी इंजिन (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर) थंड असताना लायनर वरच्या टोकाला आवळून धरतो. हेअर ड्रायरने हेड गरम करा, मग स्टार्टर लावा. स्टार्टर अडला तर जोर अजिबात लावू नका. आत पाणी किंवा इंधन भरलेलं असतं, आणि जबरदस्ती केली की कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, फिरवून बाहेर उडवा, प्लग परत लावा. प्रॉपच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

मुख्य सुई हळूच बंद करून पुस्तकातल्या मापाइतकी उघडा. पुस्तक नसेल तर अडीच ते तीन फेऱ्या. पाण्याबाहेर फुल रेस देऊ नका: ना भार, ना थंड पाणी, रॉड तुटायला तेवढं पुरतं. सुरू झालं की अर्ध्या मिनिटात बोट पाण्यात. आयडलला इंधनाची नळी चिमटीत धरा. आवाज किंचित चढून दोन-तीन सेकंदांत बंद पडलं तर खालची सुई (आयडलचं मिश्रण ठरवणारी) ठीक. खूप चढून मग बंद पडलं तर रिच. लगेच बंद पडलं तर लीन.

पाण्यावर पहिली टाकी मुद्दाम रिच: मागे पांढरा धूर, आवाज जड. मग सुई अर्धा पाव, म्हणजे फेरीचा आठवा भाग, आत. एक फेरी मारा, परत अर्धा पाव. आवाज एकदम वर उडी घेतो तेव्हा इंजिन पाइपवर चढलं. तिथून पुढे निम्म्या पावलांनी जा, आणि सरळीच्या शेवटी आवाज ढासळायला लागला की एक पाऊल मागे येऊन थांबा. धुराची रेघ कायम दिसली पाहिजे. थोडा वेग सोडून द्यावा लागला तरी चालेल. मिश्रण रिमोटच्या तिसऱ्या चॅनलवर असेल (म्हणजे चालू बोटीत सुई फिरवता येत असेल) तर सर्व्होची धाव अर्ध्या फेरीत बांधून ठेवा. निकासाचं पाणी हाताला कोमट लागावं. वाफाळतं असेल तर लगेच बंद करा.

आता महत्त्वाचं: सुई पहिल्या मिनिटाच्या चालीवर ठरवू नका. टाकी निम्म्याखाली गेल्यावर इंजिन तसंच चालतं का ते ऐका. भरलेल्या टाकीला एक आवाज आणि निम्म्या टाकीला दुसरा असेल तर सुईला हात लावू नका, बोट काठावर घ्या, सिरिंज काढा, आतली नळी तपासा. दोन्ही वेळा सारखंच लीन किंवा सारखंच रिच असेल तरच सुई फिरवा. वळणातून निघताना मरत असेल तर खालची सुई किंवा वळणात ओढीपासून दूर जाणारं इंधन. उडी मारून उतरल्यावर मरत असेल तर वजन पुढे दुमडलेलं आहे, टाकी उघडा.

हवा: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथली हवा विरळ. पुण्यात बसवलेली सुई मुंबईला नेलीत तर इंजिन लीन चालेल, पोचल्यावर आधी अर्धा पाव उघडा. मेच्या दुपारी बसवलेली सुई सकाळी सातच्या गार हवेतही लीन ठरते. तेच करा.

नंतर: टाकी रिकामी करा, उरलेलं इंधन जाळून इंजिन बंद पाडा. हेडमधलं पाणी फुंकून काढा. प्लग काढा, आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर गंज टाळण्यासाठी घालायच्या तेलाचे) थेंब प्लगच्या भोकातून आणि कार्बमधून, स्टार्टरने दहा सेकंद फिरवा. बोट बुडाली असेल तर इंजिन तसंच वाळू देऊ नका, पाणी उडवून इंधनाने धुवा आणि त्याच दिवशी चालवा. खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर आधी गोड्या पाण्याने. शाफ्ट बाहेर, ट्यूब पुसून. प्लग परत लावा, पिस्टन खाली आणून ठेवा, कार्बचं तोंड चिंधीने बंद करा, हॅच उघडी ठेवा.