खान्देशात टीम सांभाळताय? मग या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीत चटई असो, पाईप असो की डाळमिल, बाहेरून शिकून आलेले मॅनेजर मोटिव्हेशनची पुस्तकी थिअरी जशीच्या तशी लावतात आणि महिन्याभरात म्हणायला लागतात की इथल्या लोकांना कामाची आवडच नाही. आवड असते हो, तुमची पद्धत चुकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मीटिंगमध्ये "कोणाला काही अडचण?" विचारायचं, सगळे गप्प बसले की ओके समजून निघून जायचं. हॉफस्टेड या डच अभ्यासकाने 1967 ते 1973 मधले आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांचे सर्व्हे तपासले, साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातलं अंतर लोक किती मान्य करतात त्याचा स्कोअर भारताचा 77 आला, अमेरिकेचा 40. चारचौघांत साहेबाला "हे जमणार नाही" म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा वाटतो. हीटर नीट तापत नाही हे ऑपरेटरला सकाळपासून माहीत असतं, मीटिंगमध्ये तो हूं की चूं करणार नाही, पण शिफ्ट सुटल्यावर टपरीवर "भाऊ, एक सांगू का" म्हणून सगळं सांगेल. म्हणून मशीनजवळ जाऊन एकेकट्याला विचारा, तेही "आज माल कुठे खराब निघतोय?" असं नेमकं. आणि त्याचं नाव वरती सांगू नका, नाहीतर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

हा आकडा देशाच्या सरासरीचा आहे बरं का, समोरच्या माणसाचा नाही. डिप्लोमा करून आलेली पोरं तोंडावर बोलतात, बोलू द्या.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला ऐनवेळी रजा नाकारू नका. बहिणी माहेरी आल्यात, भाऊबंद जमलेत आणि हा मशीनवर, तो राग वर्षभर जात नाही. शिफ्टची अदलाबदल आठवडाभर आधीच लावा. बक्षीसही एकट्याला उचलून देण्यापेक्षा अख्ख्या शिफ्टला द्या.

आता उलटी चूक, नुसतं लाडावून ठेवणं. जे. बी. पी. सिन्हा या आपल्याच मानसशास्त्रज्ञाने 1980 मध्ये मांडलं की भारतीय माणसाला माया करणारा पण त्याच मायेने काम मागणारा साहेब चालतो, आणि माणूस तयार होत गेला की त्या साहेबाने हळूहळू निर्णय त्याच्यावर सोपवायचे असतात. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. वडिलांच्या दवाखान्यासाठी ॲडव्हान्स जरूर द्या, पण तोच माणूस रोज उशिरा यायला लागला तर त्याच आठवड्यात बाजूला घेऊन स्पष्ट बोला, आणि सुधारला की एका लाईनची जबाबदारी त्याच्याकडे द्या.